‘मुंबईत कुठे खाल, कुठे फिराल?’ या यादीत आपण कुठे आहोत?

मागच्या आठवड्यात एका तरुण मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली. ‘मुंबईतली आमची आवडती ठिकाणं’. खायची, खरेदीची, निवांत बसायची. खाली प्रश्न, "दादा, ह्यातली तुमची किती झाली?" यादी वाईट नव्हती. इराणी होता, माटुंग्याचा उडपी होता, एक मालवणी खानावळ होती, कुलाबा कॉजवे, फॅशन स्ट्रीट, मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी होती. मी ती कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकली. दोन मिनिटांत एका ज्येष्ठ कार्यकर्त्याचे उत्तर आले, "समाज जळतोय आणि पोरांना कॅफे सुचतायत!"

मला यादीशीही भांडायचे आहे आणि या उत्तराशीही. आधी उत्तराशी, कारण ते घरातले भांडण आहे.

साहेब, संविधानाचे कलम 15 काढा. राज्य भेदभाव करणार नाही, हा पहिला भाग आपल्या सगळ्यांना पाठ आहे. भाषणात तेवढाच येतो. दुसरा भाग वाचा. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, लोकांच्या वापराच्या जागा. इथे जात, धर्म, लिंग बघून कुणाला अडवता येणार नाही. म्हणजे खाणे, खरेदी आणि बसणे-फिरणे. त्या पोराच्या यादीचे तीन मथळे आणि घटनेचे हे उपकलम एकच आहे. 29 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत यावर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ या शब्दात नेमके काय काय येते, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी सांगितले की इथे दुकान म्हणजे नुसता आत जाण्याचा हक्क नव्हे; अटी मान्य असतील तर तिथली सेवा मिळण्याचा हक्क. उंबरठ्याच्या आत घेतले आणि कप मात्र वेगळा दिला, हे त्यांना चालणार नव्हते. ज्यांना हे कलम किरकोळ वाटते, त्यांनी चवदार तळे आठवावे. 20 मार्च 1927 ला महाडला आपली माणसे गेली ती एका सार्वजनिक जागेवर जाऊन ओंजळभर पाणी प्यायला.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळेंची गोष्ट आपण फार वेळा सांगतो आणि फार हलकी करून सांगतो. पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी काय केले? त्यांना चहाचे हॉटेल काढायला लावले, आणि स्वतः गाडी थांबवून, सोबतच्या लवाजम्यासह, तिथला चहा प्यायले. राजा बसलाय म्हटल्यावर बाकीच्यांना कप हातात घ्यावा लागला. हुकूमनामे महाराजांनी पुष्कळ काढले. पण एका अस्पृश्य माणसाच्या हातचा चहा गावाच्या घशाखाली उतरवणे, हे काम हुकूमनाम्याने होत नव्हते.

आणि ‘निवांत बसणे’? दोन बागा सांगतो. एक मुंबईची, चर्नी रोडची. शाळकरी भीमराव तिथे पुस्तक घेऊन बसायचे. तिथेच विल्सन हायस्कूलच्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर गेली. पुढे मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी आपणच लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवले. दुसरी बाग बडोद्याची, कमाठी बाग. परदेशात शिकून आलेले तेच भीमराव. पारशाच्या धर्मशाळेतून हाकलले गेले, अख्ख्या बडोद्यात कुणी खोली देईना, आणि रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी त्या बागेत बसून काढला. एका बागेत माणूस घडला. दुसऱ्या बागेत तोच माणूस बसला, कारण शहरात बसायला दुसरी जागाच त्याला ठेवली नव्हती. बसायची जागा ही आपल्या इतिहासात चैनीची बाब कधी होती, ते मला दाखवा.

बीडीडी चाळीच्या 160 चौरस फुटांत आई-बाप, भाऊ-वहिनी, आजी आणि एक एमपीएससी करणारी पोरगी. ती संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसते, मैत्रिणीशी बोलते, कधी नुसतीच समुद्राकडे बघते. तिला "चळवळीला वेळ नाही का?" विचारणाऱ्याने आधी तिच्यासाठी घरात एक कोपरा रिकामा करून द्यावा.

आता यादीशी भांडण.

यादीतली मालवणी खानावळ चांगली आहे, मीही जेवलोय. पण या शहरातल्या पाट्या एकदा नीट वाचा. ‘सीकेपी पद्धतीचे’, ‘सारस्वत पद्धतीचे’, ‘ब्राह्मणी गोडा मसाला’, ‘मराठा खानावळ’. जात पाटीवर लिहिली की चव वाढते, भाव वाढतो. खाद्यमहोत्सव भरतात. आणि ‘महारी जेवण’ किंवा ‘मांगी रस्सा’ अशी एक तरी पाटी दादर ते कुलाबा दाखवा! वजडी, रक्ती, चान्या करणाऱ्या बाया या शहरात लाखोंनी राहतात. त्यांच्यातल्या कितीतरी दुसऱ्यांच्या घरी पोळी-भाजी करून त्यांची ‘घरगुती चव’ सांभाळतात. त्यांची स्वतःची चव मात्र दार लावून शिजते, शेजारी वास जाऊ नये म्हणून. शाहू पाटोळेंनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहिले तेव्हा आपल्यातलेच काही म्हणाले, हे कशाला चव्हाट्यावर आणायचे? कारण चव्हाट्यावर बाकी सगळ्यांचे ताट मांडलेले आहे, म्हणून.

‘खाण्यात जात कशाला आणता?’ असे कुणी विचारेलच. आम्ही नाही आणली. 2023 साली पवईच्या आयआयटीत मेसमधली काही टेबले शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली गेली. तिथल्या आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कलने विरोध केला, आणि त्या टेबलावर मांसाहार करून निषेध नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड झाला. टेबल सरकारी पैशाचे, पोरगा स्वतःच्या गुणवत्तेने आलेला, आणि विटाळ मात्र आजोबांच्या काळातला. गाय आधीच बंद होती. 2015 च्या कायद्याने बैलही गेला. गरिबाचे स्वस्तातले मोठ्याचे मटण महाग झाले, आणि त्याच्या पिशवीत काय आहे हे तपासायची हिंमत रस्त्यावरच्या टोळक्यांना आली. घर भाड्याने घेताना ‘नॉनव्हेज चालत नाही’ हे वाक्य आडनाव ऐकल्यानंतरच का येते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे.

(मध्येच एक. ‘बौद्ध झालो म्हणजे शाकाहारी झालो पाहिजे’ असे सांगणारे आपल्यातही वाढलेत. ज्याला सोडायचे त्याने खुशाल सोडावे. पण दुसऱ्याच्या ताटाकडे नाक मुरडायची सवय कुठून आली, ते स्वतःला विचारावे.)

आणि खरेदी. यादीत कॉजवे आहे, फॅशन स्ट्रीट आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातले शिवाजी पार्क नाही. विदर्भातून, मराठवाड्यातून रात्रभर गाडीत उभी राहून आलेली बाई चैत्यभूमीचे दर्शन घेते आणि मग पुस्तकांच्या स्टॉलपाशी येते. स्वतःला वाचता येत नाही, नातीला घेऊन जायचे असते. लुगड्याच्या गाठीतली नोट सोडते आणि विचारते, "बाबासाहेबांचं कोणतं हाय हे?" मराठीत पुस्तके खपत नाहीत म्हणून परिसंवादांत रडणाऱ्यांपैकी किती जण तिथे धूळ खात उभे राहिलेत? त्या दिवसांत त्यांच्या यादीत दादरचा उल्लेख असतो तो एकाच कारणासाठी : गर्दी आहे, कचरा आहे, तिकडे जाणे टाळा.

म्हणून त्या पोराला मी लिहिले, तुझ्यातली सहा झाली. आता माझी घे. परळची बीआयटी चाळ, जिथे बाबासाहेब 1912 पासून बावीस वर्षे राहिले. हिंदू कॉलनीतले राजगृह. फोर्टमधले सिद्धार्थ कॉलेज, त्याच्यासमोरून जाताना पाच मिनिटे थांब. नायगाव आणि वरळीच्या चाळी, पाडून होण्याआधी. वरळीत 1974 च्या जानेवारीत काय झाले, भागवत जाधव कोण, ते तिथल्या म्हाताऱ्यांना विचार. चहा तेच पाजतील. मग मरीन ड्राइव्ह. आणि खायचे म्हणशील तर त्या ठिकाणाला अजून पाटी नाही. आपल्यातल्या चार बायांनी गाळा घेऊन ती लावावी, आपल्या ठेकेदारांनी पुतळ्याच्या वर्गणीइतकेच पैसे त्यात घालावेत.

ज्येष्ठ कार्यकर्त्यालाही रविवारी चर्नी रोडच्या बागेत बोलावले आहे. सुकट-भाकरी मी आणतो, असे सांगितलेय. अजून त्यांचे उत्तर आलेले नाही.