घायपात, लिंबू आणि मीठ

"मामा, सोलापुरात घरच्या घरी मार्गारिटा जमेल का?" मे महिन्यात डॅलसहून आलेल्या भाच्यानं विचारलं. पारा त्रेचाळिसाच्या वर गेला होता आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, "जमेल. आपण शेतावर जाऊन करू."

शेतावर जायचं कारण होतं. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या रानाच्या बांधावर घायपाताची रांग आहे. गावात तिला केकताड म्हणतात. जनावरं पिकात शिरू नयेत म्हणून आजोबांनी ती लावली होती. हाताएवढी जाड, निळसर राखाडी पाती आणि प्रत्येक पात्याच्या टोकाला दाभणासारखा काटा. मार्गारिटात पडणारी टकीला मेक्सिकोत ज्या झाडापासून होते, ते याच घायपाताच्या कुळातलं. आमच्या रेल्वे रुळांच्या कडेनं आणि शेतांच्या कुंपणाला उभी असलेली ही झाडंही मूळची अमेरिका खंडातलीच. भाच्याला बाटलीतली गोष्ट माहीत होती, बांधावरची नव्हती. मला ती त्याला झाडापाशी उभं करून दाखवायची होती.

त्यानं येताना लिटर-लिटरच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. एक सोनेरी, एक पाण्यासारखी पांढरी. सोनेरी महाग दिसते म्हणून आधी तीच उचलली, असं तो म्हणाला. मी दोन्ही उलटून मागचं लेबल वाचायला सांगितलं. आपल्याकडे मंगळवेढ्याची ज्वारी घेताना बायका दाणा हातावर घेतात, दाताखाली धरून बघतात. पोत्यावरच्या रंगाला भुलत नाहीत. टकीलाही तशीच घ्यावी. लेबलावर '१०० टक्के अगावे' असं लिहिलेलं असेल, तर त्यातली सगळी साखर घायपातातून आलेली असते. तसं लिहिलेलं नसेल, तर मेक्सिकोच्या कायद्यानं निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे किमान ५१ टक्के साखर घायपाताची असली की पुरतं. बाकीची उसाची किंवा मक्याची चालते. त्या प्रकाराला मिक्स्तो म्हणतात. सोनेरी बाटलीवर १०० टक्क्यांचा उल्लेख कुठंच नव्हता. अशा बाटलीचा सोनेरी रंग पुष्कळदा जळक्या साखरेचा असतो, मुरण्याचा नसतो.

खरोखर मुरवलेल्या टकीलाची नावं वेगळी आहेत. लाकडी पिंपात किमान २ महिने ठेवली की रेपोसादो, १ वर्ष ठेवली की अन्येहो. न मुरवलेली पांढरी ती ब्लांको. मार्गारिटासाठी मी ब्लांकोच घेतो. लिंबाच्या आंबटपणापुढे टिकतो तो झाडाचा ताजा, हिरवा वास, आणि तो ब्लांकोत सगळ्यांत स्वच्छ असतो. अन्येहोतला लाकडाचा आणि व्हॅनिलासारखा गोडवा लिंबात बुडून जातो. वर्षभर मुरवलेली टकीला नुसतीच, घोट-घोट घ्यावी.

बांधावर एका झाडाला तुरा आला होता, दोन माणसांहून उंच. घायपात आयुष्यात एकदाच फुलतं आणि मग वाळून जातं. मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यात शेतकरी हा तुरा कोवळा असतानाच छाटतात, म्हणजे झाडानं साठवलेली साखर फुलात न जाता बुंध्यातल्या गाभ्यात राहते. सहा-आठ वर्षांनी पाती तासून तो गाभा काढतात. तो अननसासारखा दिसतो म्हणून त्याला पिन्या, म्हणजे अननसच म्हणतात. तो भट्टीत भाजतात, पिळतात, रस आंबवतात आणि किमान दोनदा ऊर्ध्वपातन करतात. म्हणजे एका बाटलीमागे एका झाडाचं सगळं आयुष्य असतं. म्हणून तिच्यात दुसरी साखर किती मिसळली आहे, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे असं मला वाटतं.

हे आपल्या दख्खनच्या पठारावरही होऊ शकतं, हे डेस्मंड नाझरेथ यांनी दाखवून दिलं. इथल्या माळरानावरचं घायपात त्यांनी हेरलं, आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात त्याचा गाभा शिजवून मद्य काढलं आणि २०११ साली ते गोव्यात विकायला आणलं. टकीला हे नाव मेक्सिकोच्या ठरावीक प्रदेशापुरतंच राखलेलं असल्यामुळे इथल्या मद्याला ते लावता येत नाही, पण मार्गारिटा त्याचीही उत्तम होते. बांधावरच्या ज्या झाडाला आपण फक्त कुंपण मानलं, त्यात किती साखर दडली आहे हे कुणीतरी पाहिलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता लिंबू. टकीलाइतकंच, किंबहुना तिच्याहून जास्त, मार्गारिटाचं यश लिंबावर ठरतं. मेक्सिकोत पारंपरिक वापरातलं छोटं लिंबू आणि आपलं कागदी लिंबू एकच जात आहे. तिचं मूळ आशियातलं. अरबांबरोबर ते पश्चिमेला गेलं आणि स्पॅनिश लोकांनी ते मेक्सिकोत नेलं. घायपात तिकडून इकडे आलं, लिंबू इकडून तिकडे गेलं आणि एका पेल्यात दोघांची गाठ पडली.

लक्ष्मी मंडईत मी लिंबू घेताना तीन गोष्टी बघतो. साल पातळ आणि गुळगुळीत हवी, हिरव्यावर पिवळी झाक चढू लागलेली हवी आणि फळ हाताला आकारापेक्षा जड लागलं पाहिजे. जाड, खरखरीत सालीच्या लिंबात रस कमी निघतो. मे महिन्यात लिंबू महाग असतं, त्याचंही कारण आहे. झाड आपसूक फळलं तर लिंबं बहुतेक पावसाळ्यात येतात. उन्हाळ्यात फळ हवं तर शेतकऱ्याला हस्त बहार धरावा लागतो, त्यासाठी पाऊस उघडताच झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. परतीचा पाऊस लांबला की ताण बसत नाही आणि बहार हुकतो. म्हणून उन्हाळ्यात भावावर घासाघीस करायला माझी जीभ वळत नाही.

रस आयत्या वेळी काढावा. लिंबू ओट्यावर तळहाताखाली फिरवून मऊ करावं, आडवं कापावं आणि बेतानं पिळावं; साल चेंगरली की कडवटपणा उतरतो. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळी निस्तेज लागतो. बाटलीतलं लिंबाचं सरबत तर अजिबात नको, त्यात लिंबापेक्षा साखर अधिक असते. एका पेल्याला ३० मिली रस लागतो, म्हणजे साधारण दोन कागदी लिंबं.

तिसरा घटक संत्र्याचं मद्य, ट्रिपल सेक. ते संत्र्याच्या सालीपासून होतं. मिळालं तर ३० मिली घालावं. नाही मिळालं तरी अडत नाही. मृग बहाराची नागपुरी संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. तेव्हा आमच्या घरी बायको सालीचा वरचा केशरी पापुद्रा सोलून साखरेत चोळून ठेवते. रात्रभरात साखर सालीतलं तेल ओढून घेते आणि डबा उघडताच स्वयंपाकघरभर संत्र्याचा वास पसरतो. त्यात थोडं गरम पाणी घालून पाक करायचा, गाळायचा आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा. ट्रिपल सेकच्या जागी हा पाक २० मिली पुरतो.

मीठ खड्याचं, जाडसर कुटलेलं. पेल्याची कड लिंबाच्या फोडीनं ओली करून फक्त अर्ध्या कडेला मीठ लावावं, म्हणजे प्रत्येक घोटाला ते घ्यायचं की नाही हे पिणाऱ्याच्या हाती राहतं. बर्फ शेतावर नेला तो पेटीतून, मोठ्या लादीचा. सोलापुरी टॉवेलात गुंडाळून लाटण्याचे चार ठोके दिले. टॉवेल वितळलेलं पाणी पिऊन टाकतो आणि तुकडे कोरडे निघतात. ६० मिली टकीला, ३० मिली रस आणि पाक झाकणाच्या डब्यात घालून, बर्फ भरून, डब्याला बाहेरून दव धरेपर्यंत हलवायचं. पंधरा सेकंद पुरतात. त्या वेळात थोडा बर्फ विरघळतो आणि तेवढं पाणी या पेयाला लागतंच.

भाच्याला मार्गारिटा माहीत होती ती बर्फाच्या गोळ्यासारखी, यंत्रातून ओघळणारी. ते यंत्रही त्याच्याच गावचं. मारियानो मार्तिनेझ यांनी १९७१ साली डॅलसमध्ये आइस्क्रीमच्या यंत्रात बदल करून ते तयार केलं आणि आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण बर्फाच्या चुऱ्यानं जीभ बधिर होते आणि मग कुठलीही टकीला चालून जाते. गाळून दिलेल्या पेल्यात लपायला जागा नसते.

माप मी काटेकोर पाळतो आणि माणशी दोन पेल्यांवर थांबतो. महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही लागतो. पण माझं कारण त्याहून जुनं आहे. ८ मे १९३० रोजी याच शहरातले लोक रूपाभवानी मंदिराजवळची शिंदीची झाडं तोडायला निघाले होते. शिंदीच्या दारूतून सरकारला उत्पन्न मिळत होतं आणि गिरणी कामगारांचे संसार तिच्यात बुडत होते. गोळीबार झाला, शहरावर मार्शल लॉ आला आणि त्याच प्रकरणात १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. त्या चौघांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या माणसानं दारूविषयी बेफिकीरपणे लिहू नये. घ्यायचीच असेल तर मोजून, आणि पेल्यात काय आहे हे जाणून.

संध्याकाळी ओसरीवर तात्या आले. वय ऐंशीच्या पुढं. त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या दोर वळण्याचं काम. आमच्या आजोबांच्या मोटेचा नाडा त्यांच्या वडिलांनी वळलेला. पाती कापायची, पाण्यात कुजवायची, बडवून वाख काढायचा. कापताना रस अंगाला लागला की कोपरापर्यंत आग आणि खाज. नायलॉनचा दोर आला आणि ते काम गेलं. गळ्यात तुळशीची माळ आहे. दारूला ते शिवत नाहीत.

"केकताडाची दारू?" त्यांनी दोन्ही बाटल्यांकडं पाहिलं. "पिणार न्हाई. वास तेवढा घिऊन बघतो."

सोनेरी बाटलीचं बूच काढून दिलं. त्यांनी नाकाशी धरली, मान हलवली. "ह्यात केकताड न्हाई कळत. गूळ करपल्यावानी हाय."

मग पांढरी दिली. या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ बाटली खाली ठेवली नाही.

"ही हाय," ते म्हणाले. "पात कापली की पयल्यांदा येतो, त्योच वास." आणि बोलता बोलता ते डाव्या हाताचा कोपर खाजवू लागले.