रातबगळ्याचा फोटो आणि पंचगंगेचे पाणी

नृसिंहवाडीत कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दिवेलागणीला बगळे झाडीकडे परततात, नेमका तेव्हाच रातबगळा पोटापाण्याला निघतो. दिवसभर दाट फांद्यांत मान आखडून बसलेला हा राखाडी-काळा, लाल डोळ्यांचा पक्षी घोगऱ्या आवाजात ‘वॉक’ असे ओरडत पाण्याकडे झेपावतो. अंधुक उजेडातही स्पष्ट चित्र टिपणारे कॅमेरे हाती आल्यापासून छायाचित्रकारांची पावले पाणथळ जागांकडे अधिक वळू लागली आहेत. ही हौस चांगलीच. पण फोटो कधी आणि किती जवळून काढायचा, हा प्रश्न पिलांच्या जगण्याशी जोडलेला आहे.

रातबगळे वसाहतीने घरटी बांधतात. आपल्याकडे हा हंगाम मुख्यतः पावसाळ्याच्या आसपास असतो. घरट्यात साधारण ३ ते ५ अंडी असतात. नर-मादी दोघेही ती सुमारे तीन आठवडे उबवतात. कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीमुखातील वसाहतींचा ट्रेम्ब्ले व एलिसन यांचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. अंडी घालण्याच्या सुमारास माणसांच्या फेऱ्या झाल्या, तर पक्षी नवी घरटी सोडून देतात, अंडी शत्रूंच्या तोंडी जातात आणि उशिरा येणाऱ्या जोड्या तिथे घरटे करणे टाळतात, असे त्यात दिसले. पुढे पिलेही माणूस जवळ आला की घाबरून खाल्लेले अन्न ओकून टाकतात.

दुसरा धोका पाण्यातला आहे. कोल्हापूर, इचलकरंजीकडील सांडपाण्यामुळे पंचगंगेच्या प्रदूषणाचा आणि मासे मरण्याचा प्रश्न शिरोळ तालुक्याला नवा नाही. सांडपाणी कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. रात्री पाणवनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो आणि गुदमरलेले मासे पृष्ठभागावर येतात. ही रातबगळ्याच्या शिकारीची वेळ. त्या पहाटे त्याला आयते अन्न मिळते. मात्र माशांतील कीटकनाशके, जड धातू त्याच्या शरीरात साठत जातात. नंतर मासेच उरले नाहीत, तर उपासमार. म्हणूनच पाणथळ जागांचे आरोग्य जोखण्यासाठी शास्त्रज्ञ या पक्ष्याकडे पाहतात. त्याच पाण्यावर काठची गावेही जगतात.

यासाठी काही पथ्ये पाळायला हवीत. घरट्यांच्या काळात वसाहतीखाली जाऊ नये, फांद्या छाटू नयेत, फ्लॅश वापरू नये. संध्याकाळच्या उड्डाणाच्या वाटेवर दूर, स्थिर उभे राहावे. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात मृत बगळ्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. त्यामुळे मेलेल्या पक्ष्याला हात न लावता पशुसंवर्धन विभागाला किंवा वनविभागाला कळवावे.

प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ, ठिकाण आणि पक्ष्यांची संख्या नोंदवली, तर काही वर्षांनी त्या नोंदीच नदीची प्रकृती सांगू लागतील. नुसत्या सुंदर फोटोला ते जमणार नाही.