वस्तुसंग्रहालयांची ऑनलाइन नोंदप्रणाली सुधारण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : राज्यातील वस्तुसंग्रहालयांचा संग्रह ऑनलाइन मांडणाऱ्या संगणक प्रणालीत मराठी शोध, कालनोंद, छायाचित्रे व माहितीची मालकी याबाबत सुधारणा करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे इतिहासाचे शिक्षक, नाण्यांचे संग्राहक, मोडी वाचणारे, संशोधक विद्यार्थी आणि संग्रहालयांच्या सेवेतून निवृत्त झालेले कर्मचारी आहोत. कोणत्याही संग्रहालयात जाण्याआधी त्याच्या संकेतस्थळावर डोकावायचे, ही सवय आता आम्हा सर्वांना लागली आहे. तिथे जे अनुभव येतात त्यावरून पुढील मागण्या आपल्यापुढे ठेवत आहोत.

सुरुवात एका शाळेतल्या प्रसंगाने करतो. आमच्यातल्या एका शिक्षिकेने चौथीच्या वर्गाला शिवराई दाखवायची म्हणून एका संग्रहालयाचे संकेतस्थळ उघडले आणि ‘शिवराई’ असा शब्द टाकला. उत्तर आले, एकही वस्तू सापडली नाही. मग इंग्रजीत ‘तांब्याचे नाणे’ असे टाकल्यावर पानेच्या पाने उघडली, सगळ्यांचे शीर्षक एकच, सगळ्यांची एकच बाजू दिसते, वजन कुठेही नाही. मुले विचारत होती, यातली शिवराई कोणती? शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असते. कुठे ‘शिव’ तर कुठे ‘सिव’, कुठे ठिपक्यांचे वर्तुळ पूर्ण तर कुठे ठसा सरकलेला, यांवरूनच तिचे प्रकार ठरतात. दुसरी बाजू, वजन आणि व्यास नसलेली शिवराईची नोंद अभ्यासाला निरुपयोगी आहे. त्या संग्रहालयाचे नाव इथे घेत नाही, कारण हा दोष एका संग्रहालयाचा नाही.

तेव्हा पहिली आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी मागणी मराठी शोधाची आहे. ‘कऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. नोंद करणाऱ्याचा कळफलक एका पद्धतीचा आणि शोधणाऱ्याचा दुसऱ्या पद्धतीचा असला, की वस्तू असूनही सापडत नाही. शिवाय ‘कराड’ लिहिणारे आहेतच. ‘ॲम्फोरा’मधल्या ॲ ची तीच गत. तेर म्हणजेच तगर, पैठण म्हणजेच प्रतिष्ठान, हे प्रणालीला ठाऊक असायला हवे. १६७४ हा आकडा देवनागरीत टाकला काय आणि इंग्रजी अंकांत टाकला काय, उत्तर एकच यायला हवे. काही ठिकाणी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या याद्या तशाच चिकटवलेल्या आहेत. त्या वाचताही येत नाहीत, मग शोधणे दूरच. त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्यात. हे काम अवघड नाही, फक्त प्रणाली बनवून घेताना मागायला हवे. निविदेच्या अटींत नसेल तर ते कोणी आपण होऊन करणार नाही.

दुसरी मागणी काळाच्या नोंदीबद्दल आहे. आमच्यातल्या एका निवृत्त सहायक अभिरक्षकांनी सांगितलेला अनुभव असा : नोंदीच्या अर्जात तारखेचा रकाना सक्तीचा, आणि त्याला दिवस-महिना-वर्ष याखेरीज काही चालत नाही. खापर सातवाहनकालीन, इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. काय भरणार? त्यांनी १ जानेवारी १०० असे भरले, नाहीतर अर्ज पुढे सरकेना. अशा रीतीने दोन हजार वर्षांपूर्वीच्या खापराला वाढदिवस मिळाला, आणि उद्या कोणी तो प्रबंधात उद्धृतही करील. मराठी कागदपत्रांत शक येतो, शुहूर सन येतो, फसली येतो, हिजरी येतो. वस्तूवर किंवा कागदावर जे लिहिले आहे ते जसेच्या तसे एका रकान्यात, आणि त्याचा इसवी सनातला अंदाज ‘पासून-पर्यंत’ अशा दुसऱ्या रकान्यात, एवढी सोय हवी. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी ही मिती आधी मितीच म्हणून नोंदली जावी. ६ जून १६७४ हे तिचे रूपांतर आहे.

वस्तूंच्या नावांचा प्रश्न याला लागूनच आहे. प्रणालीत वस्तुप्रकारांची जी तयार यादी असते ती बहुधा इंग्रजीतून आलेली असते. पाय घासायच्या वज्रीला त्यात जागा नाही. वज्रीच्या मुठीवर मोर, हत्ती, घोडा असे काही कोरलेले असते, ते पाहून एका कंत्राटी टंकलेखकाने ती ‘खेळणे’ या सदरात टाकल्याचे आम्ही पाहिले आहे. त्या मुलाचा दोष नाही, त्याने वज्री जन्मात पाहिली नव्हती. लामणदिवा आणि समई, पानपुडा आणि चंची, अडकित्ता आणि कात्री यांतला भेद सांगणारा सचित्र वस्तुनामकोश भाषा संचालनालयाच्या मदतीने करावा आणि तो प्रणालीतच बसवावा. गेटी संस्थेचा कला व वास्तुकलेचा शब्दसंग्रह स्पॅनिश, डच, चिनी भाषांतही झाला आहे. मराठीत तसा व्हायला हरकत नसावी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे वीस हजार वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास. पेटाऱ्यात असलेली वस्तू लोकांना भेटते ती तिच्या नावानेच. नाव चुकले की ती हरवलीच.

नोंद करणाऱ्यांची बाजूही आम्ही मांडू इच्छितो, कारण उद्घाटनाच्या दिवशी त्यांना कोणी विचारत नाही. तालुक्याच्या ठिकाणी नेट मध्येच जाते. पाऊण तास बसून मोजमापे, वर्णन, दाखल नोंदवहीतला क्रमांक असे सगळे भरावे आणि ‘जतन करा’ म्हणताच पुन्हा लॉगिनचे पान यावे, हा प्रकार एकदा नव्हे, कित्येकदा घडतो. नेट नसतानाही नोंद करता यावी आणि जोडणी आल्यावर ती आपोआप वर चढावी. तसेच कोणती नोंद कोणी, केव्हा बदलली याचा मागोवा राहावा, म्हणजे जुने वर्णन पुसले जाणार नाही.

छायाचित्रांबाबत आम्ही थोडे स्पष्ट बोलतो. चित्राच्या ऐन मध्यावर आडवा शिक्का मारून ठेवल्याने चोरी थांबत नाही, अभ्यास मात्र थांबतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले. त्यांच्या चित्रांवरचा कॉपीराइट कधीच संपला आहे. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत, ती पाहण्यासाठी माणसे डोंगर चढून जातात. अशा चित्रांच्या चांगल्या प्रती मुक्तपणे मिळाव्यात. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने हे केले, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये पावणेचार लाख छायाचित्रे खुली केली, आणि तिथली गर्दी त्यामुळे आटली नाही. शिवाय ‘ट्रिपल-आय-एफ’ ही छायाचित्रांची मोकळी मानके वापरली, तर दोन देशांतल्या वस्तू एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी ठेवता येतात. तेरच्या संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि १९३८ मध्ये पाँपेईत सापडलेली, आज नेपल्सला असलेली मूर्ती, या दोघींचे नाते अभ्यासक किती वर्षे सांगत आले आहेत. त्या दोघी समोरासमोर मोठ्या करून पाहता याव्यात, हे मागणे फार नाही.

सगळेच उघडे करा, असे मात्र आमचे म्हणणे नाही. वस्तू जमिनीत नेमकी कुठे मिळाली याचे अक्षांश-रेखांश, भांडारातली जागा, विम्याची किंमत हे तपशील सर्वांना दिसू नयेत. नाण्यांसाठी शेते उकरणारे आपल्याकडे आहेत.

माहितीची मालकी शासनाची असावी, हे करारात पांढऱ्यावर काळे लिहून घ्यावे. कंत्राट संपले, कंपनी बदलली, आणि जुन्या संकेतस्थळाचे दुवे मेले, असे घडले की प्रबंधांतल्या तळटीपा आंधळ्या होतात. प्रत्येक वस्तूला कायमचा दुवा असावा, सर्व नोंदी खुल्या स्वरूपात काढून घेता याव्यात आणि त्यांची प्रत दुसऱ्या शहरात ठेवलेली असावी. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीनंतर याचे कारण आपल्या विभागाला आम्ही सांगायला नको. केंद्र सरकारचे २०१५ चे मुक्तस्रोत धोरणही याच दिशेचे आहे. दृष्टिहीन वाचकांसाठी पडदावाचकाला समजेल असे मराठी वर्णन प्रत्येक छायाचित्राला द्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ते बंधनकारकच आहे.

यासाठी सगळा श्रीगणेशा नव्याने करावा लागेल असे नाही. पुण्याच्या सी-डॅकने केंद्रीय संस्कृती मंत्रालयासाठी ‘जतन’ ही प्रणाली केली. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, हैदराबादचे सालारजंग, गोव्याचे पुरातत्त्व संग्रहालय यांचे संग्रह तिच्यामार्फत लोकांपुढे आले. तिच्याशी जोडून घ्यावे, की ‘कलेक्टिव्ह ॲक्सेस’सारखी मुक्तस्रोत प्रणाली मराठीत आणावी, हे तज्ज्ञांनी ठरवावे. दालनांतून फिरवून आणणाऱ्या आभासी सफरींवर सध्या बराच खर्च होतो. त्या बघायला छान असतात, पण काचेपलीकडच्या पाटीवरचे अक्षर त्यात वाचता येत नाही. आधी नोंदी, मग सफरी, असा क्रम असावा.

तरी आपण सांस्कृतिक कार्य विभाग, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, माहिती तंत्रज्ञान विभाग आणि आमचे प्रतिनिधी यांची एकत्र बैठक येत्या महिनाभरात बोलवावी. पुढच्या वर्षभरात एखाद्या जिल्ह्याच्या संग्रहालयातल्या पाचशे वस्तू वरील पद्धतीने नोंदवून पाहाव्यात. नोंदी तपासायला आमच्यातली मंडळी विनामानधन येतील. शिवराया निवडायला तर आत्ताच चौघे तयार आहेत.

कळावे,

आपले नम्र,
(सह्या मागील पानावर)

प्रत माहितीसाठी : मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई.

सोबत : मराठीत शोधूनही न सापडलेल्या शब्दांची यादी, दोन पाने.