नोकरी सांभाळून इतिहास: मोहोळचा विद्यार्थी आणि आष्टीचा तलाव

चाळिशीत आधुनिक इतिहास शिकायला बसलेल्या माणसाला ‘आता काय उपयोग?’ असे हमखास विचारले जाते. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे नोकरी वा शेती सांभाळून पदवी घेण्याची वाट मोहोळसारख्या तालुक्यांनाही खुली झाली. पण वाट मिळाली म्हणजे अभ्यास घडला असे नव्हे. (१/४)

१८७६–७८ च्या दुष्काळावरचे उत्तर ठरलेले असते: लॉर्ड लिटन, रिचर्ड टेंपल, १८८० चा दुष्काळ आयोग. मोहोळ तालुक्यातील आष्टीचा तलाव त्याच दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झाला, हे त्या उत्तरात मावत नाही. (२/४)

त्या काळी दुष्काळी कामांवरील मजुरी सरकारने घटवली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळी भागातील हकिकती गोळा करून सरकारपुढे मांडल्या. रोजगार हमीच्या कामावर हजेरीपट भरलेला माणूस हा मजकूर विशीतल्या मुलापेक्षा निराळ्या डोळ्यांनी वाचतो. माती कोणी मोजली, खाडा कसा धरला, हे प्रश्न त्याला सुचतात. प्राध्यापकालाही ते सुचतीलच असे नाही! (३/४)

सोलापूर जिल्ह्याचे १८८४ चे गॅझेटियर आज विनामूल्य वाचता येते. मात्र ते इंग्रजीत आहे आणि साहेबाच्या नजरेने लिहिलेले आहे. अशा विद्यार्थ्याच्या हाती तयार नोट्स ठेवणे हा त्याच्या अनुभवाचा अवमान होय. गॅझेटियरचे पान कसे तपासावे, अभिलेख कक्षात कोणता कागद मागावा, हे त्याला शिकवले पाहिजे. केवळ बढतीसाठी पदवी हवी असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. (४/४)