शाळा बंद होते, दमा बंद होत नाही

नोव्हेंबर लागला की राजधानी परिसरातील विज्ञानवार्तांचा मथळा ठरलेला असतो: निर्देशांक अमुक, शाळा बंद. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बारावीपर्यंतचे प्रत्यक्ष वर्ग थांबवण्यास सांगितले. आठवड्याभरात संमिश्र पद्धतीने वर्ग भरवण्याची मुभा मिळाली. या धामधुमीत एक साधा प्रश्न मागेच राहतो. शाळा उघडी असताना दुसरीतल्या मुलाला वर्गातच दम्याचा झटका आला, तर पुढील दहा मिनिटे कोण काय करणार?

हा प्रश्न गाझियाबादला विचारायला हवा. आयक्यूएअरच्या २०१९ सालच्या क्रमवारीत हे शहर जगात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ११०.२ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होती. भारतीय मर्यादा ४० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची ५. लोणी, वसुंधरा, इंदिरापुरम, संजयनगर येथील केंद्रे हवा अहोरात्र मोजतात. मोजमाप आहे, आदेश आहेत. पण शाळेतील प्रथमोपचार पेटी म्हटली की कापूस, पट्टी, आयोडीन एवढेच डोळ्यांसमोर येते. इनहेलर येत नाही.

दोष केवळ हवेचा, असे म्हणणे सोयीचे आहे. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातील दमारुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक. ही तफावत एकट्या धुरक्याने पडत नाही. न झालेले निदान, न मिळालेले औषध आणि वाया गेलेला वेळ यांचाही तीत वाटा आहे.

वेळ का मोलाचा, हे भौतिकशास्त्र सांगते. संथ प्रवाहात नलिकेचा रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की रोध सोळापट. मुलाच्या श्वासनलिका मुळातच अरुंद. थोडी सूजही तिथे भारी पडते. म्हणून बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, वाक्य अर्ध्यावर तुटते. अशा मुलाला ‘जरा पडून राहा’ म्हणणे ही काळजी नव्हे, अज्ञान आहे.

करायचे ते अवघड नाही. मुलाला ताठ बसवावे, एकटे सोडू नये. स्पेसरमधून सालब्युटामॉलचा एकेक फवारा ३० ते ६० सेकंदांच्या अंतराने, जास्तीत जास्त दहा वेळा द्यावा. आराम पडेना, किंवा ओठ निळसर पडले, बोलता येईना, मूल गळून गेले, तर विनाविलंब १०८ ला फोन करावा आणि फवारे चालू ठेवावेत. स्पेसर महाग वाटतो? केप टाऊनच्या संशोधकांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीपासून बनवलेला स्पेसरही बाजारातल्या स्पेसरइतकेच काम करतो.

यावर आक्षेप ठरलेले. शिक्षक डॉक्टर नाहीत, औषध चुकले तर? ब्रिटनने याचे उत्तर १ ऑक्टोबर २०१४ पासून दिले आहे: तिथे शाळांना आपत्कालीन इनहेलर डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकत घेऊन ठेवता येतो, निदान झालेल्या आणि पालकांची लेखी संमती असलेल्या मुलांसाठी तो वापरला जातो. सालब्युटामॉलने काही काळ हात थरथरतात, छाती धडधडते. न दिल्याने काय होते, ते सांगायला नको. दुसरा आक्षेप घरातला: ‘पंपाची सवय लागते.’ सवय लागत नाही. आजार पुन्हा उसळतो म्हणून औषध पुन्हा लागते. पंप वारंवार लागत असेल, तर नियमित उपचार अपुरे आहेत एवढाच त्याचा अर्थ. या गैरसमजापायी पालक शाळेपासून दमा लपवतात आणि मूल दप्तरात पंप असूनही धापा टाकत बसते.

सालब्युटामॉल राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहे. ‘अत्यावश्यक’ या शब्दाला काही अर्थ असेल, तर ते औषध मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात नव्हे, हाताशी हवे. प्रत्येक शाळेत एक इनहेलर, एक स्पेसर, दमा असलेल्या मुलांची यादी आणि तासाभराचे प्रशिक्षण घेतलेले दोन शिक्षक, एवढी ही मागणी. गाझियाबादची हवा स्वच्छ व्हायला वर्षे लागतील, आणि त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण झटका आलेल्या मुलाजवळ वर्षे नसतात.