शब्दांचें कूळ : ‘बूरिश’

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. गांवाकडील एक वृद्ध शेतकरी प्रतिवर्षाप्रमाणें नवे तांदूळ घेऊन आले होते. चहा बशींत ओतून ते भुरके मारीत पीत होते. तें पाहून आमचा नातू बहिणीच्या कानाशीं पुटपुटला, “किती बूरिश!” पाहुण्यांना तो शब्द कळला नाहीं, आम्हांस मात्र कळला.

रात्रीं आम्हीं त्याला अर्थ विचारला. “असभ्य, रीतभात नसलेला,” असें त्यानें बिनचूक सांगितलें. “अर्थ बरोबर, आतां त्याचें कूळ पाहूं,” आम्ही म्हणालों.

‘बूर’ हा शब्द इंग्रजींत सोळाव्या शतकांत डच व उत्तर जर्मनीकडील बोलींच्या वळणानें रूढ झाला. मूळ अर्थ केवळ ‘शेतकरी’. जर्मन भाषेंतील ‘बाउअर’ अद्यापि शेतकरीच आहे. दक्षिण आफ्रिकेंत १८९९ ते १९०२ पर्यंत इंग्रजांशीं लढलेले ‘बोअर’ लोक ह्याच शब्दाचे धनी. पुढें इंग्रजींत शेतकऱ्याचा अडाणी झाला आणि अडाण्याचा असभ्य. ‘व्हिलन’ शब्दाची कथा हीच. लॅटिन ‘व्हिला’ म्हणजे शेतवाडी. तेथें राबणारा तो ‘व्हिलन’, आणि आज तो खलपुरुष! उलट नगरवाचक ‘अर्ब्‌स’ शब्दापासून झालेला ‘अर्बेन’ मात्र सुसंस्कृत ठरला.

नातू इंग्रजांस हंसूं लागला. तेव्हां त्याला सांगणें प्राप्त झालें कीं, आपणही कांहीं निराळे नाहीं. मम्मटाच्या काव्यप्रकाशांत ‘ग्राम्य’ हा काव्यदोष गणला आहे; ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत, आणि मराठींत ‘गांवढळ’ ही शिवीच आहे. हें सांगतांना आमचीच जीभ अडखळली. शिक्षक असतांना, पायाला शेण लागलेल्या एका मुलास आम्हीं भर वर्गांत ‘गांवढळ’ म्हटलें होतें. त्याची खालीं गेलेली मान अजून डोळ्यांपुढें आहे.

ह्या कुळाची दुसरी शाखा मात्र गोड आहे. ‘नेबर’, म्हणजे शेजारी, ह्या शब्दाचा उत्तरार्ध हाच ‘बूर’. जवळ वस्ती करून राहणारा तो ‘नेबर’. भाषाशास्त्रज्ञ ह्या सर्वांचें मूळ जेथें नेतात, तेथेंच आपला ‘भू’ धातु आहे. भवन आणि भूमि त्याचींच अपत्यें. ज्याला आपण ‘बूरिश’ म्हणून हिणवितों, तो शब्दाच्या मुळाशीं भूमि कसणारा शेजारी आहे.

शब्दांचे रूढ अर्थ आपल्यानें बदलत नाहींत. ‘बूरिश’ म्हणजे असभ्य, हें परीक्षेंत लिहावेंच लागेल. पण घरीं आलेल्या अतिथीसमोर कुजबुजून त्याची टवाळी करणें, ह्याला काय म्हणावें? त्या दुपारीं तो शब्द कोणास लागू पडत होता, एवढेंच आम्हीं विचारलें. नातू कांहीं बोलला नाहीं.

सकाळीं पाहुणे निघाले, तेव्हां त्यांचें गांठोडें उचलून तो न सांगतां रस्त्यापर्यंत गेला.