वाढवायचे आहेत, मग कापायचे कशाला?

केस आखूड करायला अर्धा तास पुरतो. तेच पुन्हा खांद्यापर्यंत न्यायला दीड-दोन वर्षं जातात. या मधल्या काळात करायचं काय, हे सांगायला सगळेच तयार असतात, फक्त प्रत्येक जण वेगळं सांगतो. पार्लरवाल्या ताई म्हणतात, 'दर दीड महिन्याला ट्रिम कर, तरच वाढतील.' आजी म्हणते, 'आता वर्षभर कात्री लावूच नकोस.' मैत्रीण म्हणते, 'काय उगाच वाढवतेस? शॉर्टच भारी दिसायचे.' आणि आरशात बघितलं तर मानेवर झिपऱ्या, कानाशी पंख आणि डोळ्यांत येणारी झुलपं!

तुमच्या वर्गात नजर फिरवा. असं कोणीतरी नक्की दिसेल. कोणी हौस म्हणून पिक्सी केला होता, कोणी एनसीसीच्या कॅम्पसाठी बॉयकट. कोणी कॅन्सरच्या रुग्णांसाठी केसदान केलं. कोणाचे डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर मूठमूठ गळले, म्हणून आखूड केले. आणि बाजूने मशीन मारलेला, पण आता पोनी बांधायची असं ठरवलेला एखादा मुलगाही असेलच. या सगळ्यांसमोर प्रश्न एकच आहे. वाढवताना मधेमधे कापायचे की नाही?

आमचं उत्तर असं: कापा, पण केस लवकर वाढावेत म्हणून कापू नका. कापण्याचा आणि वाढण्याच्या वेगाचा काही संबंध नाही. कापायचे ते आकारासाठी. तेही ठरावीक जागचे आणि मोजून.

जावळापासून चालत आलेला समज

'कापले की जोमाने वाढतात' हे आपण लहानपणापासून ऐकतोय. बाळाचं जावळ काढतात तेव्हाही घरातलं कोणीतरी म्हणतंच, की आता बघा कसे दाट येतील. झाडाची छाटणी केली की नवी पालवी फुटते, तसंच केसांचंही असणार असं आपण धरून चालतो. पण केस म्हणजे फांदी नाही. डोक्यावर दिसणारा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि तो जिवंत नसतो, म्हणूनच तर कापताना दुखत नाही. वाढ होते ती त्वचेच्या आत, मुळाशी. टोकाला कात्री लागली याची मुळाला खबरही नसते. दाढी केल्याने केस दाट किंवा वेगाने येतात का, हे मिल्ड्रेड ट्रॉटर या संशोधिकेने तपासलं होतं. १९२८ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तिला तसा काही परिणाम आढळला नाही. या गोष्टीला शंभर वर्षं होत आली, आपला समज मात्र तिथेच आहे.

मग आता हिशेब करू. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. वर्षाचे १२ ते १५ सेंटीमीटर. आपण १५ धरू. दर दीड महिन्याला एक सेंटीमीटर ट्रिम केलं, तर वर्षात आठ फेऱ्या होतात आणि आठ सेंटीमीटर जातात. हातात उरले सात. म्हणजे अर्ध्याहून जास्त वाढ पार्लरच्या फरशीवर! तेच दर तीन महिन्यांनी अर्धा सेंटीमीटर कापले, तर वर्षात जातात दोन आणि उरतात तेरा. आणि 'एकच इंच काढते हं' असं कोणी गोड आवाजात म्हणालं, तर लक्षात ठेवा, एक इंच म्हणजे अडीच सेंटीमीटर. दोन महिन्यांची कमाई एका झटक्यात गेली.

इथे पार्लरवाल्या ताईंना व्हिलन करायचं नाहीये. त्यांचा सल्ला एका गोष्टीत बरोबर आहे. टोकाला फाटे फुटले की केस तिथून तुटतात. मुळाशी वाढ चालू असते आणि टोकाशी तूट, त्यामुळे लांबी जागची हलत नाही. अशा वेळी ट्रिम केल्याने तूट थांबते आणि केस 'वाढायला लागले' असं वाटतं. पण हा मुद्दा लांब केसांचा आहे. पाच सेंटीमीटरच्या केसाचं टोक असतं जेमतेम चार-पाच महिन्यांचं. त्याने ना फार ऊन पाहिलेलं असतं, ना फार इस्त्री. ब्लीच, कलर किंवा रोजचं स्ट्रेटनिंग नसेल, तर पहिल्या वर्षात फाट्यांची भीती घालून कोणी तुमचे वरचे केस कापत असेल, तर खुशाल नाही म्हणा. खात्री करायची असेल तर एक बट पांढऱ्या कागदावर धरून बघा. फाटे असतील तर दिसतीलच.

मान पुढे, टाळू मागे

मग कापायचं तरी का? कारण डोक्यावरच्या प्रत्येक केसाचा प्रवास सारखा नसतो. घरातली शिवणाची टेप घ्या आणि मोजा. टाळूपासून हनुवटीपर्यंत साधारण २५ सेंटीमीटर भरतील. मानेवरच्या केसांना खांद्याशी पोचायला मात्र आठ-दहा सेंटीमीटर पुरतात. वाढीचा वेग सगळीकडे जवळपास सारखाच, म्हणजे मान सहा-सात महिन्यांत मुक्कामी पोचते आणि टाळू अजून निम्म्या वाटेवरही नसतो. मागे शेपटी आणि वर टोपी, असा जो अवतार होतो तो यामुळे. तुमच्या केसांत काही खोट नसते, ते फक्त अंतराचं गणित असतं. आणि नेमक्या याच टप्प्यावर बरेच जण कंटाळतात, 'जाऊ दे' म्हणतात आणि पुन्हा बॉयकट करून येतात. सहा महिने वाया.

म्हणून पहिल्या वर्षात नियम सोपा ठेवा. कापायचे ते मानेवरचे. कानामागे फारच फुलत असतील तर तिथले थोडे. टाळूवरच्या आणि पुढच्या केसांना हात नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा एवढं केलं, की मान थांबते आणि वरचे केस तिला गाठतात. वर्षभराने सगळे मिळून एक बरा बॉब तयार होतो. तिथून पुढे मानेचं कापणंही थांबवा आणि सगळे एकत्र वाढू द्या. मग फाटे दिसतील तेव्हा टोकं काढा, तारीख बघून नको.

'कात्रीच लावायची नाही' हा आजीचा मार्ग चुकीचा आहे का? अजिबात नाही. लांबी हाच एकमेव हेतू असेल आणि आरशातला अवतार बघून तुम्हाला हसू येत असेल, तर तो सगळ्यात जलद आणि फुकटचा मार्ग आहे. हेअरबँड, टिकटॅक पिना, क्लचर आणि स्कूटरवर तसाही बांधायचा स्कार्फ यांवर वर्ष निघतं. पण रोज सकाळी आरसा बघून मूड जात असेल, तर मानेवरचे दोन सेंटीमीटर देऊन टाकणं फायद्याचं. हिशेबात ते मागे पडणं वाटेल, पण त्याने तुम्ही मधेच सोडून देणार नाही. कात्रीचा खरा उपयोग तो.

कुरळ्या केसांचं गणित थोडं वेगळं. ते लांबीने वाढतात तेवढे खाली दिसत नाहीत, आधी आडवे फुलतात. ओले असताना कापले तर वाळल्यावर वर उडी मारतात आणि 'एवढे कुठे सांगितले होते' असं म्हणायची वेळ येते. त्यामुळे कुरळे असतील तर शक्यतो कोरडे असताना कापून घ्या. 'फार फुललेत, थिनिंग करून देऊ का?' असं विचारलं, तर थांबा. थिनिंगच्या कात्रीने आतले काही केस आखूड होतात. आज डोकं हलकं वाटतं, पण काही महिन्यांनी तेच आखूड केस उभे राहून बाकीच्यांना ढकलतात. शिवाय त्यांना पुन्हा पहिल्यापासून वाढवावं लागतं.

मुलांसाठी गणित उलटं. फेड कटमध्ये वरचे केस आधीच लांब असतात आणि बाजू शून्यावर. त्यामुळे वाढवायच्या असतात त्या बाजू. पण सलूनमधले दादा सवयीने मशीन हातात घेतात आणि कानावरून एक फेरी मारतात, की तीन महिने गेले! खुर्चीत बसल्या बसल्या सांगा, 'बाजूला मशीन नको, फक्त मानेची लाइन नीट करा.' कॅम्पस इंटरव्ह्यू तोंडावर असेल तरी एवढंच पुरतं. मान आणि कल्ले नीटनेटके असले, की वाढते केसही व्यवस्थित दिसतात.

तेलाबद्दलही एक सांगून टाकू. तेलाने केस वेगाने वाढत नाहीत. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल तेलामुळे धुताना-विंचरताना केसांतलं प्रथिन कमी निघून जातं असं दिसलं होतं. तो अभ्यास तेल बनवणाऱ्या कंपनीतल्याच संशोधकांचा होता, हेही लक्षात असू द्या. तेल लावा, पण वाढीसाठी नाही, केस टिकावेत म्हणून. आणि आखूड केस जबरदस्तीने ओढून घट्ट पोनी बांधू नका. रोजच्या ताणाने कपाळाजवळचे केस तुटतात, आणि तो ताण वर्षानुवर्षं राहिला तर तिथले केस कायमचेही जाऊ शकतात.

कात्री कोणाच्या हातात?

इथवर सगळं सेंटीमीटरचं झालं. पण आपण कापायला किंवा वाढवायला जातो ते दर वेळी मोजून नाही, बऱ्याचदा कोणाच्या तरी बोलण्याने. 'दादाच्या लग्नात अंबाडा कसा घालणार?' म्हणून वाढवायचे. 'मुलगा आहेस की मुलगी?' म्हणून कापायचे. एवढंच कशाला, आखूड केस म्हणजे स्वतंत्र मुलगी आणि ती ते वाढवायला लागली म्हणजे घरच्यांपुढे झुकली, असं म्हणणारे मित्रही आपल्यातच आहेत. त्यांनाही सांगायला हवं, की हीसुद्धा दुसऱ्याच्या डोक्यावर चालवलेली दादागिरीच आहे.

आपल्याकडे केस हा कधीच फक्त केसांचा विषय नव्हता. विधवेच्या डोक्यावरचे केस राहणार की जाणार, हे कुटुंब आणि जात ठरवायची आणि वस्तरा नाभिकाच्या हातात असायचा. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. वस्तरा चालवणाऱ्यांनीच तो खाली ठेवला. त्या बायकांनी जे सोसलं, त्याच्याशी आपल्या ट्रिमची तुलना होऊ शकत नाही. पण स्वतःच्या केसांचा निर्णय स्वतः घेता येणं ही आपल्याला सहज मिळालेली गोष्ट याच मातीत मिळवावी लागली आहे, एवढं माहीत असलेलं बरं.

आणि आजारपणातून उठलेल्यांचा विचार करा. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेक वेळा परत येतात. केमोथेरपीनंतर आलेले केस कधी आधीपेक्षा वेगळे, अगदी कुरळेही असतात. अशा मित्राला किंवा मैत्रिणीला 'थोडे ट्रिम कर, छान दिसतील' हे वाक्य साधं वाटत नाही. तिने मोजून मोजून मिळवलेले ते दोन सेंटीमीटर असतात. तिला कापायचे नसतील तर कापू नयेत, आणि तिच्याकडे कारण मागू नये. केस परत येतच नसतील किंवा चकत्या पडत असतील, तर मात्र पार्लरमध्ये नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगा.

बाकीच्यांसाठी एक काम. आज केस मोजा. टाळूचे, कानाजवळचे, मानेवरचे. तीन आकडे मोबाइलमध्ये लिहा. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच भिंतीपुढे, त्याच उजेडात एक फोटो काढा. 'वाढतच नाहीत' असं वाटेल त्या दिवशी कात्रीकडे जाण्याआधी ते फोटो बघा. आणि पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा नुसतं 'ट्रिम करा' म्हणू नका. प्रत्येकाचं ट्रिम वेगळं असतं. कुठले आणि किती सेंटीमीटर, हे सांगा. वरच्या केसांना हात लावायचा नसेल, तर तेही गळ्याभोवती कापड बांधायच्या आधीच सांगा.